न चाललेल्या नमुन्यांचाही हिशेब मागा : द्विमितीय पदार्थांवरील शोधनिबंध छापणाऱ्या संपादकांना खुले पत्र

माननीय संपादक आणि परीक्षक मंडळींना,

सविनय नमस्कार.

ग्राफीन (कार्बनच्या अणूंचा एकेरी थर) आणि त्याच्यासारख्या इतर द्विमितीय, म्हणजे अणूंच्या मोजक्या थरांइतक्याच जाडीच्या, पदार्थांच्या भौतिकीवरील शोधनिबंध आपण तपासता, स्वीकारता आणि छापता. त्या निबंधांत ज्यांची मोजमापे येतात ते नमुने हाताने बनवणाऱ्यांपैकी मी एक आहे. आपल्यापुढे माझी मागणी एकच आहे. ज्या नमुन्याचा आलेख छापला जातो त्याच्याबरोबर, तो हाती येईपर्यंत एकूण किती नमुने बनवले, त्यांतले किती कोणत्या टप्प्यावर बाद झाले आणि मोजमापापर्यंत पोहोचलेल्यांपैकी किती नमुन्यांत दावा केलेला परिणाम खरोखर दिसला, हे सांगणे आपण प्रत्येक लेखकाला बंधनकारक करावे. ही मागणी कागदावर क्षुल्लक वाटेल. प्रयोगशाळेत दिवस घालवणाऱ्यांना ती तशी का वाटत नाही, हे सविस्तर सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे काम ज्यांनी स्वतः केलेले नाही त्यांच्यासाठी आधी एका नमुन्याची हकिकत सांगते. ग्राफाइटचा चकचकीत स्फटिक चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी स्वतःवर दुमडून पुन्हा पुन्हा सोलायची, आणि थर पुरेसे विरळ झाले की ती सिलिकॉनच्या तुकड्यावर दाबून हलक्या हाताने काढायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली शोध सुरू होतो. सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर जांभळट दिसतो. जाड ग्राफाइटचे तुकडे त्यावर पिवळसर, निळसर चमकतात आणि अणूच्या एकेरी थराचा तुकडा म्हणजे त्या जांभळ्यावर पडलेली जेमतेम जाणवणारी सावली. डोळा सरावायला आठवडे लागतात, आणि सरावल्यावरही एखाद्या दिवशी पन्नास तुकडे पाहून एकही उपयोगाचा सापडत नाही.

तो सापडला की खरे काम पुढे असते. काचपट्टीवर मऊ रबराचा एक फुगीर थेंब असतो आणि त्यावर पॉलिकार्बोनेटचा पातळ पापुद्रा ताणून बसवलेला असतो. त्या पापुद्र्याने षट्कोनी बोरॉन नायट्राइड या वीज न वाहणाऱ्या, गुळगुळीत स्फटिकाचा पातळ तुकडा उचलायचा, तो ग्राफीनच्या अर्ध्याच भागावर टेकवायचा आणि उचलताना ग्राफीन मधोमध फाडून घ्यायचे. खाली राहिलेला अर्धा भाग मंचासह १.१ अंशाहून किंचित जास्त फिरवायचा (या कोनाचे महत्त्व पुढे येईलच), त्यावर वरचा अर्धा टेकवायचा आणि दोन्ही मिळून उचलायचे. खालून बोरॉन नायट्राइडचा आणखी एक थर घ्यायचा, आणि शेवटी साधारण १८० अंश सेल्सिअस तापमानाला पापुद्रा वितळवून सगळी चळत नव्या चिपवर सोडून द्यायची. या प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडू शकते आणि बहुधा बिघडतेच. थर भलत्याच रेषेत फाटतो, सुरकुत्या पडतात, दोन थरांच्या मध्ये हवेचे आणि तेलकट मळाचे फुगे अडकतात. सगळे नीट झाले तरी चळत तापवताना दोन थर आपोआप सरकून परस्परांशी जुळू पाहतात, कारण शून्य अंशाची रचना त्यांना ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते. त्यानंतर नमुन्याला आकार देण्यासाठी कोरायचे, कडेने क्रोमियम आणि सोन्याचे जोड द्यायचे आणि बारीक तारा लावायच्या. या वेळी अंगावरच्या स्थिर विजेचा एक झटका महिन्याभराचे काम जाळून टाकू शकतो. हे सगळे पार करून नमुना क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे अतिशीत तापमानाच्या पात्रात, उतरतो, थंड होतो, इलेक्ट्रॉनांची घनता बदलत बदलत विद्युत रोध मोजला जातो, आणि दोन थरांच्या जाळ्या एकमेकींवर तिरक्या बसल्याने उमटणाऱ्या म्वारे नक्षीच्या प्रत्येक घरात चार इलेक्ट्रॉन भरले की जो उंचवटा दिसतो त्याच्या जागेवरून कोन किती हे पहिल्यांदा खात्रीने कळते. तो १.१ निघेल अशी आशा असते. तो पुष्कळदा ०.८ निघतो किंवा १.४ निघतो, आणि पुष्कळदा एकाच नमुन्याच्या दोन टोकांना वेगवेगळा निघतो.

अशा वर्षभराच्या कामातून मोजमापापर्यंत पोहोचलेल्या माझ्या चळती हाताच्या बोटांवर मोजता येतील. शोधनिबंधात मात्र वाचकाला एक स्वच्छ आलेख दिसतो आणि त्याखाली ‘नमुना क्र. १’ एवढेच लिहिलेले असते. त्या क्रमांकाच्या आधी किती नमुने होऊन गेले, ते का गेले, हे कुठेही नसते.

काही वर्षांपूर्वी एका प्रकाशित परिणामाची पुनरावृत्ती करण्यात माझे आणि एका विद्यार्थ्याचे जवळजवळ वर्ष गेले. निबंधातल्या पद्धतीचा परिच्छेद आम्हाला तोंडपाठ झाला होता. नंतर एका परिषदेत चहाच्या वेळी त्या गटातल्या एकाने अगदी सहज सांगितले की त्यांचेही सुरुवातीचे बहुतेक नमुने याच टप्प्यावर जात होते. चळत सोडताना तापमान कमी ठेवायला आणि तिला हळू टेकवायला सुरुवात केल्यावर ते टिकू लागले. त्या माणसाने काही लपवले होते असे मला वाटत नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते. पण जे आम्हाला पाच मिनिटांत कळले ते निबंधातल्या दोन ओळींत मावले असते, आणि त्या दोन ओळी नसल्यामुळे एका तरुण मुलाने स्वतःच्या हाताला काम जमत नाही असा समज करून घेतला. त्याने पुढे विषय बदलला. त्याबद्दलची खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

आपल्या विषयाची सुरुवात अशी नव्हती, याची आठवण करून द्यावीशी वाटते. आंद्रे गाइम, कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह आणि त्यांच्या मँचेस्टरमधील सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्राफीनवरचे आपले काम छापले, आणि पुढच्याच वर्षी ग्राफीनमधील पुंज हॉल परिणाम (चुंबकक्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेतला रोध, म्हणजे हॉल रोध, ठरावीक पायऱ्यांनीच बदलणे) मँचेस्टर आणि कोलंबिया अशा दोन विद्यापीठांतल्या गटांनी स्वतंत्रपणे मोजला. इतक्या लवकर दुसऱ्या हातांना ते जमले, कारण साधने साधी होती आणि कृती दुसऱ्यापर्यंत पोहोचत होती. एकेरी थर दिसतो तो सिलिकॉनवरील ऑक्साइडची जाडी सुमारे ३०० नॅनोमीटर असेल तर. ती ३१५ नॅनोमीटर झाली तर तो पूर्ण दिसेनासा होऊ शकतो, असे गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी २००७ मधल्या आढाव्यात स्पष्ट लिहिले आहे. जाडीत पाच टक्के फरक पडला की हातात ग्राफीन असूनही ते आहे हे कळणार नाही! प्रयोग का फसतो याची ही नोंद आहे, आणि ती छापल्यामुळे कुणाचीही अब्रू गेली नाही. त्याच वर्षी ऑक्साइडची जाडी आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्यावर ग्राफीनचे उठून दिसणे कसे अवलंबून असते याचा पद्धतशीर अभ्यास छापून आला, आणि योग्य रंगाचा फिल्टर लावून इतर जाडीच्या ऑक्साइडवरही ग्राफीन पाहता येऊ लागले.

दुसरे उदाहरण बोरॉन नायट्राइडचे. सिलिकॉनच्या खडबडीत ऑक्साइडऐवजी त्याच्या गुळगुळीत थरावर ग्राफीन ठेवले की इलेक्ट्रॉन कितीतरी मोकळे वाहतात, हे कोलंबियातल्या गटाने २०१० मध्ये दाखवले. त्यासाठी लागणारे निर्मळ स्फटिक जपानमधल्या त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेतल्या ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे यांनी बनवले होते, आणि त्यानंतर ते जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवले. आज या क्षेत्रातले असंख्य निबंध त्या दोघांच्या स्फटिकांवर उभे आहेत. कच्चा माल वाटून घेण्याची एवढी उदार रीत ज्या विषयात आहे तिथे अनुभव वाटून घ्यायला आपण का कचरावे, हे मला समजत नाही.

आता माझ्या मागणीच्या गाभ्याकडे येते. प्रश्न फक्त वाया जाणाऱ्या श्रमांचा असता तर मी हे पत्र लिहिले नसते. बाद नमुने न सांगितल्याने छापलेल्या नमुन्याचा अर्थच अस्पष्ट राहतो, ही माझी खरी तक्रार आहे. नमुने निवडण्याचे दोन मार्ग असतात. एक असा : थंड करण्याआधीच ठरवायचे की ज्यात फुगे नाहीत, ज्याचे जोड नीट आहेत आणि ज्याचा कोन अमुक मर्यादेत आहे तेच नमुने घ्यायचे, मग त्यांत काहीही दिसो, ते सांगायचे. दुसरा असा : सगळे मोजायचे आणि ज्यात अपेक्षित परिणाम दिसला त्याला ‘चांगला नमुना’ म्हणायचे. पहिल्यात निवड परिणामाच्या आधी झालेली असते, दुसऱ्यात परिणाम हीच निवडीची कसोटी झालेली असते. दोन्ही मार्गांनी हाती येणारा आलेख हुबेहूब सारखा दिसू शकतो. छापलेला निबंध वाचून तो कोणत्या मार्गाने आला हे सांगणे अशक्य असते. दुसऱ्या मार्गाने जाणारा प्रत्येक जण फसवणूक करतो असे मी अजिबात म्हणत नाही. नव्या परिणामाच्या शोधात पहिल्यांदा असेच करावे लागते आणि मीही तेच केले आहे. पण मग तसे सांगायला हवे.

हे का महत्त्वाचे आहे ते अतिसंवाहकतेच्या, म्हणजे पदार्थाचा विद्युत रोध पूर्ण नाहीसा होण्याच्या, दाव्यांत चांगले दिसते. राफी बिस्ट्रित्झर आणि अॅलन मॅकडॉनल्ड यांनी २०११ मध्ये गणिताने दाखवले की ग्राफीनचे दोन थर एक अंशाच्या जरा वर कोनात फिरवले तर इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे जवळजवळ सपाट होतात, म्हणजे इलेक्ट्रॉन मंदावतात आणि त्यांचा परस्परांवरचा प्रभाव वरचढ ठरतो. २०१८ मध्ये एमआयटीत युआन काओ, पाब्लो हारिलो-एरेरो आणि सहकाऱ्यांना सुमारे १.१ अंशाच्या नमुन्यांत १.७ केल्विनपर्यंत अतिसंवाहकता सापडली. तो निकाल पुढे इतर गटांनीही मिळवला, म्हणून त्यावर आज कुणी शंका घेत नाही. पण त्यानंतर नव्या नव्या रचनांत रोधाचा एखादा खड्डा दिसला की ‘अतिसंवाहकतेची चिन्हे’ असे शीर्षक देण्याची घाई वाढली. रोध खरोखर शून्यावर जातो का, क्रांतिक प्रवाह (ज्याच्या पुढे अतिसंवाहकता मोडते) दिसतो का, चुंबकक्षेत्रात त्या प्रवाहाचे व्यतिकरण दिसते का, हे परीक्षक विचारतात आणि विचारायलाच हवे. त्याबरोबर आणखी एक साधा प्रश्न विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे : असा खड्डा त्याच रचनेच्या किती नमुन्यांत दिसला आणि किती नमुन्यांत शोधूनही दिसला नाही? तीनपैकी तिन्हींत दिसला असेल तर तो त्या पदार्थाचा गुण मानता येतो. तीसपैकी एकात दिसला असेल तर तो त्या एका नमुन्याच्या एखाद्या सुरकुतीचा किंवा वाईट जोडाचा गुण असू शकतो. कदाचित ते एखाद्या अपरिचित आणि फार मोलाच्या गोष्टीचे चिन्हही असेल, पण त्याचा शोध घ्यायला आधी तो एकटा होता हे माहीत असावे लागते.

बाद नमुन्यांत भौतिकी नसते, असे मानणाऱ्यांना मी २०१९ ची आठवण करून देईन. स्टॅनफर्डच्या गटाला फिरवलेल्या दुहेरी ग्राफीनच्या एका नमुन्यात लोहचुंबकत्व आणि त्याबरोबर चुंबकक्षेत्राशिवाय मोठा हॉल परिणाम मिळाला. त्या नमुन्यातले ग्राफीन शेजारच्या बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकाशी जवळजवळ जुळलेले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा येथील गटाने पुढे तशाच जुळलेल्या नमुन्यात हॉल रोध नेमक्या पुंजित किमतीवर स्थिर झालेला दाखवला. केवळ अतिसंवाहकता शोधणाऱ्याच्या दृष्टीने बोरॉन नायट्राइडशी जुळणे हा नमुन्यातला दोष आहे. त्याने असा नमुना पेटीत टाकून झाकण लावले असते. हे जुळणे कुणीतरी नोंदवले आणि त्याचा विचार केला, म्हणून एक वेगळीच अवस्था उजेडात आली. अशी किती जुळलेली, वाकलेली, अर्धवट सरकलेली चळत आज जगभरच्या पेट्यांत नोंदीविना पडून असेल, या विचाराने मला खरोखर अस्वस्थ व्हायला होते.

कोनाचेच पाहा. १.१ अंशाला म्वारे नक्षीचे एक घर सुमारे १३ नॅनोमीटरचे असते आणि कोन एक अंशावर आला तर ते १४ च्या पुढे जाते. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेतल्या एली झेल्दोव्ह यांच्या गटाने २०२० मध्ये टोकदार स्क्विड, म्हणजे अतिशय क्षीण चुंबकक्षेत्र मोजणारे उपकरण, वापरून नमुन्यातला कोन जागोजागी मोजला, तेव्हा उत्तम समजल्या जाणाऱ्या नमुन्यांतही तो ठिकठिकाणी बदलत असल्याचे दिसले. म्हणजे ‘१.१ अंशाचा नमुना’ हा शब्दप्रयोगसुद्धा सरासरीचा आहे. २०२२ मध्ये चुन निंग लाउ, मार्क बॉक्रथ, किन फाय माक आणि फान झांग यांनी ‘नेचर’मध्ये म्वारे पदार्थांच्या पुनरावृत्तीक्षमतेवरच एक दीर्घ आढावा लिहिला. त्यामुळे माझी मागणी एकट्या माणसाची कुरकुर आहे असे आपण समजू नये. त्या आढाव्यात मांडलेल्या काळजीला नियतकालिकांच्या नियमांत जागा मिळालेली नाही, एवढेच मी म्हणते आहे.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला माहीत आहेत. स्पर्धा आहे, कृती सांगितली तर दुसरा गट पुढे जाईल, हा पहिला. मी कृती मागत नाही, संख्या मागते. कोणत्या टप्प्यावर किती नमुने गेले एवढे सांगितल्याने कुणाचे गुपित फुटत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : नमुना म्हणजे नेमके काय? फाटलेला पहिला तुकडा मोजायचा का, की जोड दिलेली चळतच मोजायची? याचे उत्तर सोपे नाही आणि मी ते सोपे असल्याचे भासवणार नाही. माझ्या मते चळत पूर्ण होऊन चिपवर उतरली की ती मोजायला घ्यावी, कारण तिथपर्यंतचे नुकसान बहुधा हातकौशल्याचे असते आणि तिथून पुढचे बहुधा पदार्थाचे. ही रेषा थोडी इकडेतिकडे झाली तरी हरकत नाही. लेखकाने ती कुठे मारली हे लिहावे म्हणजे पुरे. तिसरा आक्षेप उघडपणे कुणी घेत नाही, पण मनात सगळ्यांच्या असतो. मोठी संख्या लिहिली तर परीक्षकाला आपण अडाणी वाटू. म्हणूनच हा नियम सर्वांना एकदम लागू व्हायला हवा. एकट्याने खरे सांगितले तर तो दुबळा दिसतो, सगळ्यांनी सांगितले तर खरे प्रमाण दिसते.

इतर विषयांनी हे केलेले आहे. किती रुग्ण चाचणीत घेतले आणि किती मध्येच गळाले याचा आराखडा वैद्यकीय चाचण्यांच्या निबंधांत दिला जातो. अशा निबंधांत काय काय सांगावे हे ठरवणारी ‘कॉन्सॉर्ट’ ही मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून आहेत. आपल्या अगदी शेजारी, सौरघटांवरील निबंधांसाठी नेचर समूहाच्या नियतकालिकांची तपासणीसूची आहे आणि तीत किती घटांवर मोजमाप झाले हेही विचारले जाते. सौरघटांत विक्रमी कार्यक्षमतेच्या आकड्यांनी जो गोंधळ घातला तोच आपल्याकडे इलेक्ट्रॉनांच्या चलनशीलतेच्या (ते किती सहज वाहतात त्याच्या) आकड्यांनी घातला आहे. २००८ मध्ये ग्राफीन अधांतरी टांगून, स्वच्छ करून, कमी तापमानाला सेकंदाला दर व्होल्टमागे २,००,००० चौरस सेंटिमीटर चलनशीलता मिळाली. सिलिकॉनच्या ऑक्साइडवर ठेवलेल्या साध्या नमुन्यात ती साधारण १०,००० च्या आसपास असते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण प्रस्तावनांत पहिलाच फिरत राहतो आणि नवा विद्यार्थी स्वतःच्या नमुन्याची तुलना त्याच्याशी करतो.

आणखी एक बाब जाता जाता. ग्राफीन म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाची तपासणी सिंगापूरमधील संशोधकांच्या पुढाकाराने झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. साठ उत्पादकांच्या नमुन्यांपैकी बहुतेकांत ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी होते. तो बाजाराचा प्रश्न आहे आणि माझ्या मागणीबाहेरचा आहे. पण नावाबरोबर मोजमाप न मागितल्यास काय होते ते त्यावरून कळते.

प्रत्यक्षात मला हवा आहे तो पूरक माहितीत अर्ध्या पानाचा तक्ता. त्यात पूर्ण झालेल्या प्रत्येक चळतीला एक ओळ असावी. त्या ओळीत अपेक्षित कोन आणि मिळालेला कोन, बोरॉन नायट्राइडशी जुळणी आहे की नाही, नमुना कोणत्या टप्प्यावर थांबला, मोजला असल्यास किती तापमानापर्यंत मोजला आणि दावा केलेला परिणाम दिसला की नाही, एवढे असावे. नमुने निवडण्याची कसोटी मोजमापाआधी ठरली होती की नंतर, हे तक्त्याखाली एका वाक्यात लिहावे. सुरुवातीला हे फक्त फिरवलेल्या थरांच्या निबंधांपुरते केले तरी चालेल, कारण तिथे एकेका नमुन्यावर सर्वांत मोठे दावे उभे असतात.

माझ्या पुढच्या हस्तलिखिताबरोबर मी असा तक्ता जोडणार आहे. मागच्या वेळीही जोडला होता. तेव्हा एका परीक्षकाने तो ‘अनावश्यक, आणि निकालाबद्दल विनाकारण शंका निर्माण करणारा’ असल्याचे लिहून काढायला लावला आणि संपादकांनी त्यांचे म्हणणे मान्य केले. या वेळी तो राहू द्यावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
द्विमितीय पदार्थांवर प्रयोग करणारी एक संशोधक